कोसरू नसलेलं कार्ड

मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी नारायणगुड्याच्या काकांचं नाव घेतो. खरं नाव दारावरच्या पितळी पाटीवर होतं, पण ती पाटी उर्दूत होती आणि मला उर्दू वाचता येत नव्हतं. गल्लीतले लोक त्यांना पाठीमागे 'ट्रंककॉल' म्हणत. मी पहिल्या दिवशी काका म्हणालो आणि तेच राहिलं. ते माझे घरमालक होते, निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले मराठी गृहस्थ.

देगलूरकडच्या गावातून बी. एस्सी. होऊन मी हैदराबादला आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. कुकटपल्लीत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस विभागात नोकरी मिळाली होती, पण राहायला जागा नव्हती. गौलीगुड्याला बसमधून उतरलो आणि तिथूनच खोली विचारायला सुरुवात केली. लोक प्रेमानं बोलत, गाव विचारत, मराठी ऐकून खूश होत, मग आडनाव विचारत. आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. सांगत सांगत नारायणगुड्यापर्यंत चालत आलो. तिथं एका जुन्या दुमजली घराच्या पायरीवर पांढऱ्या पायजम्यातले एक उंच, वाळके गृहस्थ कानाशी मूठ धरून बसले होते. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मूठ खाली घेतली.

"रात्री घोरतोस?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"खरं बोललास. झोपलेल्या माणसाला कसं कळणार? गच्चीवरची खोली आहे. पाणी सकाळी येतं, भरून ठेवावं लागतं."

ॲडव्हान्स किती द्यायचा ते मी विचारलं. "नक्को," ते म्हणाले. "ॲडव्हान्स घेतला की तू जाताना आपल्या दोघांना भांडायला कारण मिळतं." आडनाव त्यांनी विचारलंच नाही. दोन-तीन महिन्यांनी मलाच राहवेना. एका संध्याकाळी मी आपण होऊन सांगितलं, की काका, आम्ही बौद्ध आहोत. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"आणि नळाला पाणी आलंय, ते कोण भरणार?"

मी पळत जाऊन बादल्या लावल्या. तो विषय तिथं संपला.

कानाशी मूठ धरायची सवय नोकरीतली. सारी उमर त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडून देण्यात घालवली होती. हैदराबाद सोडून ते कुठं फारसे गेले नव्हते, पण दूरदूरच्या गावांतल्या ऑपरेटरांचे आवाज त्यांना पाठ होते आणि गावं ते आवाजावरूनच ओळखत. संध्याकाळी गच्चीवर उन्हाचा ताप उतरला की सतरंजी टाकून ते एकेक शहर माझ्यासमोर मांडत. कानपूरला सदा सर्दी झालेली असते. मद्रास आधी हसतं आणि मग नंबर सांगतं. "आणि अहमदाबाद," डोळे मिटून ते म्हणायचे, "अहमदाबादचा आवाज नेहमी नुकताच जेवून उठलेला. पोटभर. कधी चिडलेला ऐकला नाही, मियाँ." खाली गल्लीत अंधार भरत असायचा, कुठंतरी कुकरची शिटी व्हायची आणि मला वाटायचं, ही सगळी शहरं आत्ता आपल्या गच्चीच्या कठड्यापलीकडेच उभी आहेत, कुणीतरी जोडून द्यायचा अवकाश आहे.

तोवर गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले होते आणि ट्रंककॉल कुणी लावत नव्हतं. काकांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. फक्त जुन्या नोकरीतलं, दर तीन मिनिटांनी कॉलमध्ये विचारायचं एक वाक्य त्यांच्या जिभेवर राहिलं होतं. काकू एखाद्या विषयावर त्यांना सुनावू लागल्या की ते शांतपणे ऐकत आणि मध्येच ऑपरेटरच्या कोरड्या आवाजात म्हणत, "थ्री मिनिट्स. वाढवायचे?"

"वाढवा," काकू म्हणायच्या. "आज सहा लागतील."

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा बाजारात दिसे. हैदराबादेत भाजी तोलून झाली की गिऱ्हाईक 'कोसरू' मागतं. कोसरू म्हणजे वजनावरची मूठभर भर, दोन मिरच्या, कढीपत्त्याची काडी, एखादा जास्तीचा टोमॅटो. हा तेलुगू शब्द तिथल्या मराठी घरांत आपलाच झाला आहे. मागणारा लाजत नाही आणि भाजीवाली नाही म्हणत नाही. काका मात्र कोसरू घेत नसत. भाजीवालीनं सवयीनं पिशवीत टाकलेला कढीपत्ता ते बाहेर काढून परत तिच्या टोपलीत ठेवत. तिला तो अपमान वाटे. "अय्या, विष नाही घातलं त्यात," ती म्हणायची. चहाच्या पुड्याबरोबर आलेला चमचा ते दुकानदाराला परत करत. दुकानदार हात जोडायचा, की साहेब, कंपनीनं दिलाय, मी कुठं ठेवू? "जोडून द्यायला सांगितलं तेवढं जोडून द्यावं," काका मला वाटेत समजावून सांगत. "मध्ये आपलं काही घालू नये."

मी सुटीवरून परतताना आई भुईमुगाचे दाणे बांधून द्यायची. काका दारातच पिशवीकडे बघायचे. "हे कशाला? नुसता आला असतास तर जास्त बरं वाटलं असतं." काकू मागून हात पुढे करत. "ते त्यांचं झालं. दाणे इकडे आण."

आता त्या कार्डाचं सांगतो.

माझी नोकरी कच्ची होती. पक्की व्हायची तर परगावी जाऊन काटे बसवून दाखवायला हवे होते. रेल्वेचं तिकीट कंपनी काढायची, पण हॉटेलचं, जेवणाखाण्याचं आधी आपण भरायचं आणि बिलं दिल्यावर महिन्या-दीड महिन्यानं पैसे मिळायचे. पगारातला मोठा भाग मी गावी पाठवत होतो. पुढं घालायला पैसे कुठले? साहेब टूर सांगत आणि मी आईच्या आजाराचं कारण देई. आई तिकडे ठणठणीत होती. शेवटी साहेबांनी सरळ सांगितलं, "अहमदाबादचं काम तीन महिन्यांनी आहे. जाणार असशील तर तुझा कागद पुढे पाठवतो. नाही तर दुसरा माणूस बघावा लागेल."

त्याच सुमारास टाय लावलेली पोरं ऑफिसांतून क्रेडिट कार्डाचे फॉर्म वाटू लागली होती. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या तेलुगू सहकाऱ्यानं सोनेरी कार्ड घेतलं. वर्षाची फी होती, पण खर्चावर गुण मिळत, गुणांवर वस्तू मिळत आणि घेतल्या घेतल्या एक निळी सूटकेस भेट मिळाली होती. ती त्यानं आठवडाभर टेबलाखाली ठेवली. माझ्या पगाराला जे कार्ड बसत होतं त्याला फी नव्हती, पण गुण नव्हते, भेट नव्हती, काहीच नव्हतं. आज बँक भरणार, पुढच्या महिन्यात ठरल्या तारखेला मी पूर्ण भरायचं, एवढंच.

"कोसरूच नाही त्याला," सहकारी म्हणाला. "चटणीवाचून इडली. कोण घेतं असलं?"

मला चटणीची काळजी नव्हती. माझी अडचण वेगळी होती. गावात किराणा दुकानदार उधारीवर द्यायचा, पण बाजाराच्या दिवशी चार लोकांत वडिलांना नावानं हाक मारायचा. त्या हाकेनंतर वडील दिवसभर बोलत नसत. मी निघालो तेव्हा आईनं एकच गोष्ट बजावली होती: कुणाच्या दुकानात उधारीवर उभा राहू नकोस. कार्ड म्हणजे सगळ्या दुकानांत एकदम उधारीवर उभं राहणं. घेतलं तर आईचा शब्द मोडतो आणि नाही घेतलं तर नोकरी जाते. मी रात्रंदिवस त्यातच होतो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. आधी इडलीचा निकाल लावला. "चटणीवाचून जी खाववत नाही ती इडलीच वाईट, मियाँ." मग कानाशी मूठ धरली. "तुझी आई उधारीला भीत नाही," ते म्हणाले. "ती हाताला भिते. हात सुटेल म्हणून. मग आधी हात बघू."

त्यांनी आतून लग्नाची एक जुनी पत्रिका आणली आणि जाड पुठ्ठ्यातून कात्रीनं दोन कार्डं कापली. एकावर माझं नाव लिहिलं, एकावर स्वतःचं. "महिनाभर खिशात ठेव. जिथं जिथं ते काढावंसं वाटेल तिथं काढ. हातात धर. परत ठेव. हल्लू."

"तुमचं कशाला?"

"तू एकटा वेडा दिसशील."

त्या महिन्यातल्या संध्याकाळी मला अजून स्वप्नात दिसतात. मी कुकटपल्लीहून आलो की आम्ही दोघं चालत सुलतान बाजार, कधी आबिड्सपर्यंत जायचो. दुकानांच्या काचांत नवे दिवे लागलेले असत. आधी न दिसलेल्या वस्तू रोज येत होत्या. रंगीत टीव्ही एकावर एक रचलेले, सगळ्यांत एकच बाई हसत असलेली. मी बुटांसमोर कार्ड काढलं, घड्याळासमोर काढलं, आईसाठी एका जांभळ्या इरकलीसमोर काढलं. प्रत्येक वेळी हातात धरलं, पुठ्ठ्याचा कोपरा बोटाला टोचला आणि परत ठेवलं. काका माझ्यापेक्षा धीट होते. काचेवर कार्डानं टकटक करून ते म्हणायचे, "घेतलं." आणि खरोखर खरेदी झाल्यासारखे हलक्या पावलांनी चालू लागायचे.

घरी गेलं की काकू विचारायच्या, "आज काय आणलं?"

"तुला हिरवी रेशमी साडी."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ते विचारायचे, "ती हिरवी नाही नेसलीस?"

"धुवायला टाकलीय."

एकदा त्यांनी आबिड्सच्या एका दुकानात फिकट निळ्या रंगाचा फ्रिज घेतला. त्यापुढं बराच वेळ उभे होते. दार उघडलं की आत दिवा लागतो, हे त्यांना फार आवडलं. "म्हणजे बंद केल्यावर तो आत एकटा काय करत असेल," ते वाटेत पुटपुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यातला पाण्याचा माठ उचलून दाराजवळ नेला आणि कोपरा मोकळा केला. काकूंचा गुडघा माठावर आपटला तेव्हा त्या नऊ मिनिटं बोलल्या, काकांनी दोनदा वाढवून दिली. पण कोपरा मोकळाच राहिला. काकू तो रोज झाडायच्या.

महिना संपला. काकांनी मला गच्चीवर बसवलं. "बूट हवेत?"

"नाही. जुने चालतात."

"घड्याळ?"

"नाही."

"साडी?"

मी खिशातलं पुठ्ठ्याचं कार्ड काढून हातात धरलं. मग म्हणालो, "साडी हवी आहे. पण पैसे साठवून घेईन."

"मग कार्ड कशाला हवंय?"

"टूरला. फक्त तेवढ्याला."

"झालं तर," काका म्हणाले. "एका कामाचं आहे. उखळ तरी किती कामांचं असतं? घरात ठेवतोच ना आपण. फॉर्म भर."

मी फॉर्म भरला. चौकशीला बँकेचा माणूस रविवारी आला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला, घामानं भिजलेला, कामाला कंटाळलेला. काकांनी त्याला खुर्ची दिली. तो कागदावर खुणा करत विचारत होता. भाडेकरू इथंच राहतो? "हौ." किती दिवस? सांगितलं. स्वभाव? "ते तुमच्या कागदावर आहे का?" काकांनी विचारलं. नव्हतं. तो पुढं गेला. सगळं नीट चाललं होतं.

"घर में टीव्ही है?"

"नहीं."

"फ्रिज?"

"हौ," काका म्हणाले.

मी काकांकडे पाहिलं. काका खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ज्या माणसानं आयुष्यात कढीपत्त्याची एक काडी जास्तीची घेतली नाही, तो त्या निळ्या फ्रिजबरोबर इतके दिवस राहिला होता, की विचारल्याबरोबर त्याच्या तोंडून हो निघून गेलं.

"किधर है?"

काकांनी बोट दाखवलं. माणूस उठला, कोपऱ्यापाशी गेला, झाडून लख्ख केलेल्या रिकाम्या फरशीकडे बघत उभा राहिला. आतून काकूंचा आवाज आला, "लिहून घ्या हो, पण दूध रोज नासतं म्हणूनही लिहा." तो हसला नाही. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, चहा न घेता गेला. काका कोपऱ्याकडे बघत होते. झोपेतून उठवल्यासारखे दिसत होते.

थोड्याच दिवसांत दोन ओळींचा नकार आला. आमच्या निकषांत आपण बसत नाही, दिलगीर आहोत. अहमदाबादला जायला फार दिवस उरले नव्हते. मी काकांना म्हटलं, जाऊ द्या, साहेबांना पुन्हा आईचं सांगतो. त्या आठवड्यात काकू कितीही बोलल्या तरी 'थ्री मिनिट्स' ऐकू आलं नाही. काकूंनाही ते जड जाऊ लागलं. बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या आणि वाट बघायच्या.

मग एका सकाळी काकांनी ट्रंकेतून बंद गळ्याचा काळा कोट काढला, तो घातला आणि कुणाला न सांगता बाहेर पडले. बँकेत काय झालं ते मला नंतर काकूंनी सांगितलं. त्यांनाही ते काकांकडून तुकड्यातुकड्यांनी मिळालं होतं. तिथल्या साहेबांना भेटायला काकांना दुपारपर्यंत बाकावर बसावं लागलं. आत गेल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचं आपलं कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "फ्रिज नाहीये. तो मी यावर घेतलाय. पोराचा त्यात हात नाही."

साहेबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आप उसके कौन?"

"घरमालिक."

"तो इतनी फिक्र काय को?"

"मी जिंदगीभर लाइन जोडून दिली," काका म्हणाले. "दोन माणसांच्या मध्ये कधी बोललो नाही. त्या दिवशी एक शब्द मध्ये बोललो. तेवढा काढून टाका. मग जे उरेल त्यावर तुम्ही ठरवा."

साहेबांनी माझा फॉर्म मागवला. काकांसमोर तो पुन्हा पहिल्यापासून वाचला, फ्रिजच्या ओळीवर रेघ मारून बाजूला सही केली. निघताना काकांना टेबलावर ठेवायचं एक छान कॅलेंडर भेट दिलं. काका ते बाहेर बाकावर ठेवून आले. शिपाई धावत मागं आला, की साहेब, आपण विसरलात. "विसरलो नाही," काका म्हणाले, "ठेवलंय."

कार्ड आलं तेव्हा मी पाकीटही फोडलं नाही. काकांच्याच हातात दिलं. त्यांनी ते फोडलं आणि चष्मा न लावता कार्डावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. अक्षरं उठावाची होती. "सगळं नाव आहे," ते म्हणाले. गौलीगुड्यापासून ज्या आडनावानं खोल्या जात गेल्या, ते त्या साध्या करड्या कार्डावर शेवटपर्यंत नीट उठून आलं होतं. काकूंनी ते धुतल्या हातांनी घेतलं, पाहिलं आणि माठावर ठेवलं, जणू प्रसाद आहे. मग म्हणाल्या, "आता हा माठ तरी परत कोपऱ्यात जाऊ दे."

"थ्री मिनिट्स," काका म्हणाले. काकूंचं तर बोलणं सुरूही झालं नव्हतं. पण त्या हसल्या आणि माठ दाराजवळच राहिला.

अहमदाबादहून मी त्यांना लिहिलेलं पत्र काकूंनी जपून ठेवलं होतं. काका गेल्यानंतर मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात दिलं. वाचून झाल्यावर त्यांनी परत मागून घेतलं. मला जसं आठवतं तसं लिहितो.

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. सहकाऱ्यानं त्याची निळी सूटकेस बळेच दिली होती. तिचं हँडल सिकंदराबाद स्टेशनवरच हातात आलं. इथवर ती बगलेत धरून आणली. तुम्हाला आनंद होईल म्हणून कळवतो.

हॉटेलात मोठी गंमत झाली. काउंटरवर मी खिशातून कार्ड काढून दिलं, तर ते पुठ्ठ्याचं निघालं. तिथल्या माणसानं ते उलटून पाहिलं. मागे पत्रिकेतला गणपती होता. त्यानं नमस्कार केला आणि परत दिलं. मग मी खरं दिलं. त्यानं ते एका यंत्रात घालून वरून दांडा सरकवला, खर्र असा आवाज झाला आणि माझं नाव कागदावर उमटलं. त्यानं मला नावानं हाक मारली. चार लोक उभे होते. मला वडिलांची आठवण झाली, पण मान खाली गेली नाही. "साहेब, तुमची किल्ली," इतकंच तो म्हणाला.

तुम्ही सांगितलं ते खरं आहे. इथला आवाज नुकताच जेवून उठलेला आहे. ज्या गिरणीत काटे बसवतोय तिथल्या फोनवरच्या माणसाला मी तुमचं सांगितलं. तो म्हणाला, हैदराबादचा आवाज आम्हाला झोपेतून बोलल्यासारखा वाटायचा, पण नंबर कधी चुकायचा नाही.

काटे बसले. उद्या तपासणी आहे. साहेबांनी फोनवर सांगितलं की माझा कागद पुढे गेला. आईला कार्डाचं अजून सांगितलेलं नाही. पैसे वेळेवर भरेन आणि मग सांगेन.

काल संध्याकाळी इथल्या बाजारात गेलो होतो. काकूंसाठी हिरवी साडी पाहिली. एका दुकानात तुमच्या रंगाचा फ्रिजही पाहिला. दोन्ही कार्डं खिशात होती. कुठलंच काढलं नाही.

पान संपत आलं. थ्री मिनिट्स झाली, वाढवत नाही. येताना तुमच्यासाठी काहीही आणत नाही. नुसता येतो आहे.